जुनी काच, नवी बॉडी: अडॅप्टरचा बीडमधला हिशेब

तालुक्याच्या गावात जुना फोटो स्टुडिओ असेल, तर त्याच्या कपाटात रोलचा एखादा कॅमेरा हमखास निघतो. कुठे निकॉन एफएम १०, कुठे पेंटॅक्स के १०००, कुठे रशियन झेनिट. डिजिटल आलं, रोल धुणाऱ्या लॅब एकेक करून बंद पडल्या आणि हे कॅमेरे कपाटात गेले ते गेलेच. बॉडीला आता कुणी विचारत नाही. पण तिच्या तोंडावरच्या लेन्सला गेल्या काही वर्षांत पुन्हा गिऱ्हाईक आलं आहे. अडॅप्टर नावाचं एक कडं घेतलं की आजोबांच्या काळातली लेन्स नातवाच्या डिजिटल बॉडीवर बसते, आणि तिने काढलेल्या फोटोंचं कौतुक मोबाइलवर दिवसरात्र चाललेलं असतं.

ते पाहून बीड, माजलगाव, अंबाजोगाईकडे लग्नाची कामं करणारी तरुण मुलं तीन गोष्टी विचारतात. हे खरंच चालतं का? कशासाठी चालतं? आणि यात पैसे वाचतात का? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत, आणि घोळ होतो तो ती एकत्र कालवल्यामुळे. आधीच सांगून टाकतो: चालतं, जवळजवळ नेहमीच. उपयोग मात्र कामागणिक बदलतो. आणि पैसे वाचतात ते लेन्स घरात पडून असेल तरच.

मिलिमीटरांचं गणित

साधा अडॅप्टर म्हणजे धातूचं पोकळ कडं. आत काच नाही, वायर नाही, चिप नाही. वेगवेगळ्या आट्यांचे दोन पाइप जोडायला नळवाला सॉकेट लावतो, तेवढंच त्याचं काम. पण या कड्याची जाडी मनाला येईल तेवढी ठेवता येत नाही. लेन्स जिथे टेकते ती कडा आणि फिल्म किंवा सेन्सर यांच्यातलं अंतर प्रत्येक माउंटचं ठरलेलं असतं. त्याला फ्लँज अंतर म्हणतात. निकॉन एफ माउंटचं ते ४६.५ मिलिमीटर, आट्याच्या एम ४२ माउंटचं आणि पेंटॅक्स केचं ४५.४६, कॅनन ईएफचं ४४ आणि कॅननच्याच जुन्या एफडीचं ४२. लेन्स तिच्या ठरलेल्या अंतरावर उभी राहिली तरच दूरचा डोंगर स्पष्ट येतो.

नव्या बॉडीचं अंतर जुन्या लेन्सच्या अंतरापेक्षा कमी असेल, तर उरलेली जागा कड्याने भरून काढता येते. जास्त असेल तर गाडी तिथेच अडते, कारण उणे जाडीचं कडं कुणालाच बनवता येत नाही. म्हणून झेनिटची एम ४२ लेन्स कॅननच्या डीएसएलआरवर सुखाने बसते. मध्ये दीड मिलिमीटरची रिंग पुरते. तीच लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर लावली की एका मिलिमीटरची अडचण होते. एक मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण ५० मिलिमीटरची लेन्स तेवढी पुढे सरकली की तिचं फोकस अडीच मीटरच्या पलीकडे जातच नाही. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा येईल, त्याच्या मागचा वाडा कधीच येणार नाही. यावर तोडगा म्हणून आत छोटी काच बसवलेले अडॅप्टर मिळतात. ते दूरचं फोकस परत आणतात आणि बदल्यात फोटोची धार बोथट करतात. त्यांच्या वाटेला न गेलेलं बरं.

हे सगळं गणित मिररलेस कॅमेऱ्यांनी सोपं केलं. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा हलायला जागा लागते, म्हणून अंतर ४० मिलिमीटरच्या वर. आरसाच काढून टाकल्यावर ते सोनी ई माउंटमध्ये १८, निकॉन झेडमध्ये १६, कॅनन आरएफमध्ये २०, फुजी एक्समध्ये १७.७ मिलिमीटरवर आलं. पॅनासॉनिकचा जी १ हा पहिला मिररलेस २००८ साली आला, आणि २०१३ मध्ये सोनी ए ७ आल्यावर ३५ मिलिमीटर रोलच्या फ्रेमएवढा, म्हणजे फुल फ्रेम सेन्सर मिररलेसमध्ये मिळू लागला. कॅननने १९८७ मध्ये ईएफ माउंट आणून एफडी लेन्सना वाऱ्यावर सोडलं होतं. त्या लेन्सना पुन्हा घर मिळालं ते इथे. आज मिररलेस बॉडी हातात असेल, तर ३५ मिलिमीटर एसएलआरची अशी लेन्स शोधावी लागेल की जिला अडॅप्टर मिळत नाही.

आपल्याकडची बॉडी कोणती?

सगळ्यांकडे मिररलेस नसते. त्यामुळे खरा निवाडा बॉडीपासून सुरू होतो.

निकॉनच्या डीएसएलआरवर निकॉनचीच जुनी लेन्स लावायला अडॅप्टर लागत नाही. एफ माउंट १९५९ पासून तोच आहे. पण दोन गोष्टी जपायच्या. डी ३००० आणि डी ५००० या स्वस्त मालिकांतल्या बॉडी जुन्या लेन्सवर उजेड मोजत नाहीत. एक्स्पोजर अंदाजाने धरायचं आणि फोटो पाहून सुधारायचं. डी ७००० मालिकेतल्या बहुतेक आणि तिच्या वरच्या बॉडी एआय लेन्सवर, म्हणजे ॲपर्चरचा आकडा रिंगवरून बॉडीला कळवणाऱ्या लेन्सवर, उजेड मोजतात. मात्र १९७७ पूर्वीची, एआय नसलेली लेन्स त्यांच्यावर जोर लावून फिरवली, तर माउंटच्या कडेचा नाजूक खटका मोडतो. ओळखायची खूण सोपी आहे: ॲपर्चर रिंगवर आकड्यांची दुसरी, बारीक ओळ असेल तर लेन्स एआय समजावी. ती नसेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय लावू नये.

कॅननची डीएसएलआर पाहुण्यांच्या बाबतीत उदार. एम ४२, निकॉन, पेंटॅक्स के, ऑलिंपस ओएम, यशिका या सगळ्या लेन्स पातळ रिंगने तिच्यावर बसतात. फक्त फुल फ्रेम बॉडीत काही लेन्सचा मागचा भाग आरशाला घासतो, हे आधी तपासावं.

डीएसएलआरची खरी अडचण वेगळीच आहे. रोलच्या कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडरच्या काचेच्या मधोमध दुभंगलेलं वर्तुळ असायचं; दोन अर्ध्या रेघा जुळल्या की फोकस झालं. ऑटोफोकसच्या बॉडीत ते वर्तुळ काढून टाकलं. उरली ती स्वच्छ, उजळ काच, आणि तिच्यात एफ १.४ चं फोकस बिनचूक ओळखता येत नाही. मग लाइव्ह व्ह्यू लावून मागच्या स्क्रीनवर पाहावं लागतं, आणि बीडच्या एप्रिलच्या दुपारी त्या स्क्रीनवर स्वतःचं तोंड तेवढं दिसतं. मिररलेसचा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर इथे बाजी मारतो. डोळा लावून चित्र पाच-दहा पट मोठं करता येतं; फोकस पीकिंग चालू केलं की स्पष्ट कडांवर रंगाची रेघ उमटते. पीकिंग दिशा दाखवतं, नेमकेपणा मात्र चित्र मोठं केल्यावरच येतो.

मिररलेसवर पहिल्यांदा अडॅप्टर लावल्यावर शटर पडेना म्हणून घाबरलेले बरेच असतात. बॉडीला लेन्स दिसत नाही, म्हणून ती अडून बसते. मेनूत लेन्सशिवाय शटर सोडण्याची परवानगी द्यावी लागते. बॉडीत स्टेबिलायझेशन असेल तर लेन्सची फोकल लेंग्थ हाताने भरायची, आणि ती लेन्सवर छापलेली भरायची, क्रॉपने गुणलेली नव्हे.

क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, सेन्सरचा हिशेबही विसरायचा नाही. दीडच्या क्रॉपवर ५० मिलिमीटर ७५ सारखी वागते, चेहऱ्यासाठी उत्तम. पण २८ मिलिमीटर ४२ सारखी होते, म्हणजे वाइड लेन्सचा वाइडपणाच गेला. कंकाळेश्वराच्या मंदिरात किंवा अंबाजोगाईच्या हत्तीखान्यात पाठ भिंतीला टेकल्यावर हे लगेच कळतं.

कपाटात काय निघतं

सगळंच सोनं नसतं. एफएम १० बरोबर येणारी ३५-७० मिलिमीटर झूम कामचलाऊ आहे. डिजिटल बॉडीबरोबर येणाऱ्या किट लेन्सपुढे ती काहीच जास्त देत नाही. यशिका मॅट निघाला तर तो जपून ठेवावा, पण त्याची लेन्स निघत नाही. के १००० बरोबर बहुधा पेंटॅक्सची ५० मिलिमीटर एफ २ असते. साधी, भरवशाची, थोडी बंद केली की कडक. निकॉनची ५० एफ १.८, १०५ एफ २.५ किंवा ५५ मिलिमीटर मायक्रो सापडली तर लॉटरी लागली समजा.

सगळ्यात जास्त गवगवा आहे तो झेनिटवरच्या हेलिओस ४४ चा. ५८ मिलिमीटर, एफ २, मूळ आराखडा जर्मनीच्या झाइस बायोटारचा. चेहरा मधोमध ठेवून मागे पानांची जाळी धरली, तर ती जाळी चेहऱ्याभोवती गरगरल्यासारखी दिसते. बाभळीच्या किंवा कडुलिंबाच्या पानांतून ऊन झिरपत असेल तर हा परिणाम भरून येतो. मोकळ्या आभाळापुढे तो दिसतच नाही. आणि ही गरगर फ्रेमच्या कडांकडे असते, म्हणून क्रॉप सेन्सरवर तिचा मोठा भाग कापला जातो. क्रॉप बॉडीसाठी केवळ तेवढ्यासाठी हेलिओस घेणाऱ्याच्या पदरी निराशा येते.

तिची ४४-२ ही आवृत्ती वापरायची एक खुबी आहे. ॲपर्चरला दोन रिंगा असतात. पहिलीवर आकडा ठरवायचा, समजा ५.६. दुसरी मोकळी फिरते, पूर्ण उघड्यापासून ठरवलेल्या आकड्यापर्यंत. ती उघडी ठेवून फोकस करायचं, मग डोळा न हलवता बोटाने फिरवून अडेल तिथवर न्यायची आणि शटर दाबायचं. पुढच्या एम ४२ लेन्सवर त्याऐवजी ए आणि एम असा खटका असतो. अडॅप्टरवर तो एमवर ठेवायचा, नाहीतर रिंग फिरवली तरी पाती हलत नाहीत आणि लेन्स बिघडली असा समज होतो.

टॉर्च लावून बघा

लेन्स घरातली असो की मुंबईच्या बोरा बाजारातून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली, आधी मोबाइलचा टॉर्च लावायचा. ॲपर्चर पूर्ण उघडून एका बाजूने उजेड, दुसऱ्या बाजूने डोळा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. काचेवर सर्वत्र धुकं दिसलं तर वाफ धरलेली ग्रीस. कडेला इंद्रधनुषी डाग असतील तर दोन काचा चिकटवणारा बाम सुटला आहे. थोडी धूळ असेल तर दुर्लक्ष करावं, फोटोत ती उतरत नाही.

हवेच्या बाबतीत बीड नशीबवान आहे. कोकणपट्टीच्या दमट हवेत बुरशीचं फावतं. आपल्याकडे पाऊस बेताचा आणि वर्षातले बरेच महिने हवा कोरडी, त्यामुळे इथेच राहिलेली लेन्स बऱ्याचदा स्वच्छ निघते. धोका असतो तो पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये कोंडून ठेवलेल्या लेन्सला. झाकण घट्ट लागणारा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढ्यावर भागतं. बुरशी लागलेली लेन्स मात्र चांगल्या लेन्सच्या डब्यात ठेवू नये.

आपल्याकडचा शत्रू दुसरा आहे, उन्हाळा. पत्र्याखालच्या खोलीत मे महिना काढलेल्या लेन्सची ग्रीस पातळ होऊन ॲपर्चरच्या पात्यांवर उतरते. पाती तेलकट झाली की एसएलआरवर ती वेळेत मिटत नव्हती आणि फोटो जास्त उजेडाचा यायचा. अडॅप्टरवर पाती आपण हाताने आधीच मिटवतो, त्यामुळे हा दोष निम्मा सुसह्य होतो. तिसरा शत्रू फुफाटा. या लेन्सना धूळ अडवणारं रबर नसतं. उसाच्या ट्रॅक्टरमागे उभं राहून लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरला मातीचं आमंत्रण. स्वस्त अडॅप्टरच्या आट्यांतून धातूचा कीसही पडतो, तो बसवण्याआधी झटकून घ्यावा.

पेंटॅक्सची जुनी सुपर टाकुमार ५० एफ १.४ पिवळट दिसली तर ती मळलेली नसते. तिच्या एका काचेत थोरियम आहे आणि त्याने कालांतराने काच पिवळी पडते. अतिनील किरणांनी हा पिवळेपणा उतरतो, म्हणजे आपल्या उन्हाचाही उपयोग आहे. पण लेन्स उन्हात एकटी सोडू नये. भिंगाने कागद पेटतो हे शाळेतच शिकलेलो असतो.

कोणत्या कामाला

आता मुख्य मुद्दा. जिथे विषय थांबतो तिथे जुनी लेन्स नव्या लेन्सच्या तोडीस तोड काम करते. जिथे तो हलतो तिथे आपला हात आणि अंदाज कामाला लागतो, आणि जिथे क्षण परत येत नाही तिथे धोका आपल्या पदरी असतो.

लग्नापासून सुरुवात करू, कारण पोट त्यावर आहे. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात आणि हार गळ्यात जातो. सगळं दोन-तीन सेकंदांत. दोन मीटरवरून ५० मिलिमीटर एफ १.४ ने, फुल फ्रेमवर, स्पष्ट येणारी खोली सगळी मिळून सुमारे १३ सेंटिमीटर. नवरीने मान पुढे केली की डोळे सुटले आणि गजरा फोकसमध्ये आला. इथे डोळा ओळखणारा ऑटोफोकसच हवा. हौस म्हणून गिऱ्हाइकाच्या पैशांवर प्रयोग करू नये. हळदीआधीचा नवरीचा शांत फोटो, दागिने, मेंदीचे हात, प्री-वेडिंगमधली ठरवून उभी केलेली चित्रं, इथे मात्र हेलिओस किंवा १०५ खुशाल काढावी.

सप्ताहातलं कीर्तन मधल्या प्रतीचं काम आहे. उजेड कमी, म्हणून एफ १.४ चा मोह होतो. कीर्तनकार मात्र दोन पावलं पुढे, दोन मागे करत असतो. त्याच्यामागे फोकस फिरवत बसण्यापेक्षा अभंगाच्या ठेक्यात तो जिथे परत येतो ती जागा धरून ठेवायची आणि एफ २.८ च्या आसपास राहायचं. व्हिडिओसाठी तर जुन्या लेन्सची लांब, मऊ फिरणारी फोकस रिंग नव्या लेन्सपेक्षा सुखाची असते.

हलत्या माणसांसाठी आणखी एक जुनी युक्ती आहे, आणि ती नव्या लेन्सवर करता येत नाही, कारण बहुतेकींवर अंतराचे आकडेच छापलेले नसतात. दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातले ऊसतोड कामगार बिऱ्हाडं भरून निघतात. त्या रस्त्यावर फोकस करत बसायला वेळ नसतो. २८ मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमवर एफ ८ ला ठेवायची आणि अंतराचा आकडा ३.३ मीटरवर आणायचा. साधारण १.६५ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. आता फोकसला हात लावायचा नाही, फक्त बघायचं आणि दाबायचं. क्रॉप बॉडीवर हाच आकडा ४.९ मीटर होतो आणि स्पष्टपणा अडीच मीटरच्या आसपास सुरू होतो. एक खबरदारी: स्वस्त अडॅप्टर बऱ्याचदा किंचित पातळ केलेले असतात, म्हणून छापलेले आकडे खरे नसतात. फूटपट्टीने मोजून एकदा ताळा करून घ्यावा.

पाटोदा तालुक्यातल्या नायगावच्या मयूर अभयारण्यात जाणाऱ्यांना ३०० एफ ४.५ सारखी जुनी टेलि खुणावते. क्रॉपवर ती ४५० होते. पिसारा फुलवून जागच्या जागी फिरणारा मोर तिने मिळतो, उडालेला मोर मिळत नाही. वजन लेन्सच्या कॉलरवर पेलावं, बॉडीच्या माउंटवर लटकू देऊ नये.

मंदिरं आणि लेणी हे या लेन्सचं माहेर. हत्तीखान्याचे खांब हलत नाहीत. तिपाई, एफ ८, दोन सेकंदांचा टायमर, चित्र मोठं करून केलेलं फोकस. चाळीस वर्षांपूर्वीच्या काचेतून इथे मिळणारा तपशील पाहून कुणी वय ओळखणार नाही. दोष उघडा पडतो तो खजाना विहिरीसारख्या जागी, आतल्या अंधारातून तोंडाच्या झगझगीत उजेडाकडे लेन्स वळवली की. जुन्या, एकपदरी कोटिंगच्या काचेत उजेड सांडतो, काळं राखाडी होतं आणि कडांना जांभळी झालर येते. हूड लावणं आणि एक पाऊल बाजूला सरकणं एवढाच इलाज.

आणि सगळ्यात मोलाचं काम, ज्याची चर्चा सगळ्यात कमी होते: जुन्या निगेटिव्हची नक्कल. रोलच्या त्याच कपाटात खाली निगेटिव्हचे डबे असतात. गावातली दोन-तीन पिढ्यांची लग्नं, शाळांचे वर्गफोटो, पुढाऱ्यांच्या सभा. निकॉनची ५५ मिलिमीटर मायक्रो या कामासाठी जन्मलेली आहे. साध्या ५० ने सपाट वस्तू टिपली तर कोपरे ढिले पडतात. मायक्रो सपाटालाच साजेशी घडवलेली असते. एकटी ती निम्म्या आकारापर्यंत जाते. यशिका मॅटची सहा बाय सहाची निगेटिव्ह तेवढ्यात भागते. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हने फुल फ्रेम भरायची तर मागे २७.५ मिलिमीटरची एक्स्टेन्शन रिंग लागते, मग आकार एकास एक. खाली पांढऱ्या उजेडाचा एलईडी पॅनल, वर कॅमेरा तोंड खाली करून. कॅमेरा समांतर आहे का हे पाहायला निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवायचा; लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्ये आलं की समांतर. मोडी कागद किंवा जुनी खतपत्रं टिपायलाही हीच मांडणी चालते. गिऱ्हाइकांच्या निगेटिव्ह कुठे छापण्याआधी त्या घरांना विचारावं, एवढं पथ्य पाळायचं.

पैशांचा हिशेब

"जुनी म्हणजे स्वस्त" हे दहा-पंधरा वर्षांपूर्वी खरं होतं. आता हेलिओसचंही नाव झालं आहे आणि भाव मागणीप्रमाणे चढतो. त्यात अडॅप्टर, गरज पडल्यास साफसफाई, आणि दुरुस्तीसाठी मुंबई-पुण्याची खेप धरा. त्याच्या आसपासच्या पैशांत कॅननची ऑटोफोकस ५० एफ १.८ नवी, वॉरंटीसकट मिळू शकते. शिवाय चिनी कंपन्या मिररलेससाठी थेट बसणाऱ्या नव्या मॅन्युअल लेन्स विकतात. त्यांना अडॅप्टरही नको आणि बुरशीची भीतीही नाही. केवळ बचतीसाठी जुनी लेन्स विकत घेण्यात आता अर्थ उरलेला नाही. ५५ मायक्रो, १०५ एफ २.५ अशा निवडक लेन्स याला अपवाद, कारण त्या कामाच्या नव्या लेन्सना कितीतरी जास्त पैसे पडतात.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी आपलं, काकांचं, ओळखीच्या स्टुडिओचं कपाट उघडावं. निघालेल्या लेन्सचं माउंट ओळखावं, टॉर्च लावावा, आपल्या बॉडीचं फ्लँज अंतर जुळतं का पाहावं. जुळलं तर काच नसलेला, घट्ट बसणारा अडॅप्टर घ्यावा आणि महिनाभर बिनपैशाच्या कामावर ती लेन्स वापरावी. लग्नाच्या पिशवीत ती दुसरी लेन्स म्हणून जावी, पहिली म्हणून नव्हे. कपाटात काहीच निघालं नाही तर बाजारात जायची घाई करू नये. तेवढेच पैसे एका नव्या ऑटोफोकस ५० ला घालावेत. आणि कपाटात लेन्सबरोबर निगेटिव्हचे डबे निघाले, तर अडॅप्टरचा पहिला खर्च त्यांच्यासाठी करावा. लेन्स आणखी वीस वर्षं टिकेल. पत्र्याखालच्या निगेटिव्हबद्दल तसं सांगता येत नाही.